लालीच्या पिल्लांची वही

पिल्लाने ओकून टाकलेले जंत मी मोजले, तेव्हा ते अकरा भरले. मोजण्यामागे विशेष हेतू नव्हता. अंगणवाडीत एकोणीस वर्षे काम केल्यामुळे जे दिसेल ते मोजायचे आणि वहीत लिहून ठेवायचे, ही सवयच अंगात मुरली आहे. २०२२ च्या दिवाळीनंतरचे ते दिवस होते. कोठ्याच्या कोपऱ्यात जुन्या बारदानावर आमच्या लाली कुत्रीची पिल्ले होती आणि त्यांतले सर्वांत गुटगुटीत, ज्याचे गोल पोट पाहून घरातले सगळे त्याला कौतुकाने ‘पाटील’ म्हणत, त्याने सकाळी प्यायलेले दूध बाहेर काढले. त्या दुधात शिजवलेल्या शेवयांसारखे पांढरट, दोन्ही टोकांना निमुळते, बोटभर लांबीचे जंत होते आणि त्यांतले काही अजून वळवळत होते. पाटील तेव्हा सत्तावीस दिवसांचा होता.

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुक्यात आहे. वावराला लागून झुडपी जंगल असल्यामुळे कपाशी आणि तुरीच्या दिवसांत रानडुकरांचा आणि रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, त्रास कायमचा असतो, आणि रात्रीच्या जागलीला सोबत कुत्रे नसेल तर माणसाचा डोळा लागला की सकाळी अर्धा तास उलटी पडलेली झाडे पाहण्यात जातो. लालीला आम्ही आणले नव्हते. ती स्वतःच एका पावसाळ्यात दारात आली आणि राहिली. ती विते, पिल्ले होतात, काही जगतात, काही मरतात, जी जगतात ती कोणी ना कोणी नेतो, यापलीकडे तिच्या बाळंतपणाचा विचार आमच्या घरात कधी झाला नव्हता. त्या खेपेला सहा पिल्ले झाली होती आणि पाटील ओकला त्या सकाळपर्यंत त्यांतली दोन मेलेली होती. एक थंडीने गेले असे आम्ही ठरवले होते आणि दुसऱ्याला नजर लागली असे शेजारच्या बाईंनी ठरवले होते.

मला लाज वाटली ती दुसऱ्याच कारणाने. हातपाय काडीसारखे, पोट मडक्यासारखे, केस निस्तेज आणि खाऊनही वजन न वाढणारे, असे लेकरू अंगणवाडीत आले तर मी पहिल्यांदा आईला जंताविषयी विचारते. दरवर्षी १० फेब्रुवारीला आणि पुन्हा ऑगस्टमध्ये राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. २०१५ साली तो सुरू झाल्यापासून एक ते दोन वर्षांच्या बालकाला अल्बेंडाझोलची अर्धी गोळी आणि त्यावरच्यांना ४०० मिलिग्रॅमची पूर्ण गोळी मी माझ्या हाताने दिली आहे, लहानांना चुरून, मोठ्यांना चावून खायला लावून. तीच लक्षणे, त्याच डोळ्यांसमोर, माझ्याच कोठ्यात महिनाभर रांगत होती आणि मी ‘पोट भरलेले दिसते’ म्हणून समाधान मानत होते.

सासूबाईंनी त्याच सकाळी वावडिंग उकळले. पळसपापडीही काढून ठेवली होती. आमच्याकडे पळसाला तोटा नाही आणि जंतावर पळसाच्या बिया देण्याची रीत जुनी आहे. त्या औषधाला नावे ठेवण्याचा माझा अधिकार नाही, पण सव्वा किलोच्या पिल्लाला किती बिया उगाळायच्या, हे त्यांना सांगता येत नव्हते आणि मलाही. वावडिंगाचे पाणी पाजले, त्याने काही बिघडले नाही आणि काही साधलेही नाही. अंगणवाडीच्या पेटीत अल्बेंडाझोलच्या गोळ्या शिल्लक होत्या, हेही कबूल केले पाहिजे. त्यांतली एक तोडून चाटवावी असे मनात आले होते. ते केले नाही, त्यात प्रामाणिकपणापेक्षा नोंदवहीची भीती अधिक होती, कारण प्रत्येक गोळीचा हिशेब द्यावा लागतो. पुढे डॉक्टरांकडून कळले की कुत्र्याच्या बाबतीत हे औषध हाडातील मज्जेवर परिणाम करू शकते आणि रक्तपेशी घटवू शकते. आधीच रक्त कमी झालेल्या पिल्लाला ते अंदाजाने देणे म्हणजे काय झाले असते, याचा विचार मी नंतर केला.

जवळच्या मोठ्या गावातील जनावरांचा श्रेणी-२ चा दवाखाना त्या दिवशी बंद होता, कारण पशुधन पर्यवेक्षक लसीकरणाला गेलेले होते. तेथून बाजारातल्या एका औषध दुकानात गेलो, तर दुकानदाराने गुरांना पाजायच्या जंतनाशकाची बाटली पुढे केली आणि ‘चमचाभर पाजून टाका’ असे सांगितले. बाटलीवर गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांची मात्रा छापलेली होती. कुत्र्याचे नाव कुठेही नव्हते. यजमानांना पैसे वाचवायचे होते आणि मला वेळ, तरीही आम्ही ती बाटली तशीच परत ठेवली. तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत दुपारचे बारा वाजले होते आणि टोपलीतली चारही पिल्ले निपचित झाली होती.

तेथील पशुधन विकास अधिकारी या एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी टोपलीवरचे फडके बाजूला केले आणि पहिलाच प्रश्न विचारला, “ताई, आई कुठे आहे?” आई घरी आहे, तिला काही झालेले नाही, असे मी सांगितल्यावर त्या थोड्या हसल्या आणि पुढच्या वेळी तिलाही आणायला सांगितले. मग एकेका पिल्लाचा ओठ वर करून त्यांनी हिरड्या दाखवल्या. पाटीलच्या आणि एका काळ्या पिल्लाच्या हिरड्या फिकट गुलाबी होत्या. उरलेल्या दोघांच्या, विशेषतः एका तांबड्या पिल्लीच्या, चुन्यासारख्या पांढऱ्या पडलेल्या होत्या. तिच्या शेपटीखाली डांबरासारखी काळी, चिकट विष्ठा लागलेली होती. ओकारीत दिसलेले जंत या पांढऱ्या हिरड्यांना पुरेसे कारण नाहीत, असे त्या म्हणाल्या आणि त्यांनी विष्ठेचा नमुना घेतला.

नमुना तपासण्याची रीत इतकी साधी असेल, असे मला वाटले नव्हते. पाण्यात मीठ विरघळेनासे होईपर्यंत घालून केलेल्या दाट द्रावणात विष्ठा कालवून गाळली, ते पाणी छोट्या बाटलीत काठोकाठ भरले, वर पातळ काच ठेवली आणि पंधरा-वीस मिनिटे तशीच राहू दिली. मिठाच्या जड पाण्यात जंतांची अंडी तरंगून वर येतात आणि काचेला चिकटतात. ती काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांनी मला पाहू दिले. एक अंडे जवळजवळ गोल, गडद तपकिरी, जाड आणि खरबरीत कवचाचे होते, ते गोलकृमीचे. दुसरे लांबट, पातळ पारदर्शक कवचाचे, आत पेशींचा छोटा घोस असलेले, ते अंकुशकृमीचे. गोलकृमी आतड्यात राहून पिल्लाचे अन्न खातो आणि संख्या फार झाली की आतडे तुंबवतो. अंकुशकृमी दिसायला जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा, पण आतड्याच्या अस्तराला तोंडाने धरून रक्त पितो, जागा बदलतो आणि आधीची जखम वाहत राहते. काळी विष्ठा म्हणजे ते पचलेले रक्त. ओकारीत दिसणारा मोठा जंत पाहून आम्ही घाबरलो होतो, आणि न दिसणारा लहान जंत अधिक वेगाने जीव घेत होता.

औषध पातळ होते, पिल्लांसाठीच बनवलेले, पायरँटेल आणि फेबँटेल एकत्र असलेले. किलोमागे एक मिलिलिटर. पाटीलचे वजन १ किलो ३०० ग्रॅम भरले, तांबडीचे ८०० देखील नव्हते. सुई काढलेल्या सिरिंजने, मान फार वर न करता, गालाच्या कोपऱ्यातून थोडे थोडे सोडायचे, म्हणजे ते श्वासनलिकेत जात नाही, हे त्यांनी स्वतः एकदा करून दाखवले आणि पुढची तीन माझ्याकडून करवून घेतली. उपाशी ठेवण्याची गरज नव्हती. पांढऱ्या हिरड्यांच्या दोन पिल्लांसाठी लोहाचे थेंब मिळाले. निघताना त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पायरँटेलने जंत लुळा पडतो आणि आतड्यावरची पकड सोडतो, त्यामुळे दोन-तीन दिवस विष्ठेत जंत पडत राहतील, तेव्हा घाबरू नका. आणि पोटात जंत फारच असतील तर ते एकदम सुटल्याने आतडे अडू शकते, तेव्हा एखादे पिल्लू वाचले नाही तर औषधाला दोष देऊ नका. दुसरी गोष्ट ऐकायला कठीण होती, पण ती आधी सांगितली हे बरे झाले.

तांबडी त्या रात्री गेली. दुसरे पांढऱ्या हिरड्यांचे पिल्लू तिसऱ्या दिवशी गेले. पाटील आणि काळ्या यांच्या विष्ठेत मात्र पहिल्या दोन दिवसांत गुंडाळ्याच्या गुंडाळ्या पडल्या. मी काडीने वेगळे करून मोजायला लागले आणि चाळिसाच्या पुढे सोडून दिले. चौथ्या दिवशी दोघांची पोटे खाली बसली होती आणि पाटील प्रथमच बारदानावरून उतरून कोंबडीच्या मागे पळाला.

माझी खरी चूक याच्या पुढची आहे. दर पंधरा दिवसांनी पुन्हा औषध द्यायचे, असे चिठ्ठीवर लिहिलेले होते. दुसरी मात्रा मी वेळेवर दिली. तिसरीच्या वेळी कापसाची वेचणी ऐन भरात होती, पिल्ले उड्या मारत होती, पोटे उतरलेली होती, आणि आता कशाला, असे मलाच वाटले. जंतनाशक औषध आतड्यात त्या दिवशी असलेल्या जंतांवर चालते. शरीरात इतरत्र फिरणाऱ्या अळ्यांवर ते चालत नाही. गोलकृमीची अळी पिल्लाच्या यकृतातून फुप्फुसात जाते, खोकल्याबरोबर घशात येते, गिळली जाते आणि मग आतड्यात मोठी होते. म्हणजे आज दिलेल्या औषधातून सुटलेल्या अळ्या पंधरा दिवसांनी आतड्यात येऊन बसतात, आणि दुसरी, तिसरी, चौथी मात्रा ही त्यांच्यासाठी असते. मी हे ऐकले होते, पण ऐकणे आणि पटणे यांत माझी एक मात्रा बुडाली. डिसेंबर संपता संपता काळ्याचे पोट पुन्हा गोल दिसू लागले. तोपर्यंत पाटीलला मेंढ्या घेऊन आलेल्या एका धनगराने नेले होते. तो जंतांसह गेला असणार, आणि ही गोष्ट मला आजही खटकते, कारण मेंढपाळांच्या कुत्र्यांमुळे मेंढ्यांना काय काय होते ते मला पुढच्या वर्षी समजले.

लालीला मी दरम्यान दवाखान्यात नेले. तिचे वजन करण्यासाठी गावातल्या खेडा खरेदीच्या कापूसकाट्यावर यजमान तिला कडेवर घेऊन उभे राहिले, मग एकटे उभे राहिले, आणि वजाबाकीत १४ किलो आले. काट्याभोवती जमलेल्या पोट्ट्यांना त्यातून आठवडाभर पुरेल एवढी करमणूक मिळाली. ती गाभण नाही ना, हे डॉक्टरांनी दोनदा विचारून घेतले, कारण गोळीतील एक औषध गाभणपणात टाळायचे असते. गोळीत प्राझिक्वाँटेल, पायरँटेल आणि फेबँटेल अशी तीन औषधे होती आणि दहा किलोला एक या हिशेबाने दीड गोळी द्यायची होती. मी ती भाकरीच्या गुळाच्या घासात घालून दिली, लालीने घास आनंदाने खाल्ला, आणि तिसऱ्या दिवशी कोठा झाडताना अर्धी गोळी चारीजवळ धुळीत सापडली. तिने गूळ खाऊन गोळी थुंकली होती. तेव्हापासून जिभेच्या मुळाशी गोळी ठेवून तोंड मिटायचे, गळा चोळायचा आणि ती नाक चाटेपर्यंत सोडायचे नाही, हा नियम आहे.

पुढच्या पावसाळ्यात काळ्याच्या शेपटीखालच्या केसांना तांदळाच्या कण्या चिकटलेल्या दिसल्या. तो ढुंगण जमिनीवर घासत चालत होता. एक कणी मी काडीवर घेतली, तर ती आकसली आणि पसरली. हा पट्टकृमी, लांब फितीसारखा जंत आणि कण्या म्हणजे त्याचे सुटलेले, अंड्यांनी भरलेले तुकडे. पिल्लांच्या पातळ औषधात यावरचे प्राझिक्वाँटेल नसते, त्यामुळे काळ्याला आता मोठ्यांची गोळी द्यावी लागली. ती दिली, कण्या दोन दिवसांत थांबल्या आणि जेमतेम महिनाभरात पुन्हा दिसल्या. मी दवाखान्यात थोड्या रागानेच गेले. डॉक्टर मॅडमनी गोळीविषयी काहीच न बोलता काळ्याच्या पाठीवरचे केस उलटे केले आणि पिसवा दाखवल्या. या पट्टकृमीची अंडी पिसवेची अळी खाते, पिसू मोठी होते, कुत्रा अंग चावताना ती गिळतो आणि पोटात नवा जंत तयार होतो. पिसवा असतील तोवर गोळीचा उपयोग महिन्यापुरताच.

पिसवांवर घरातला उपाय तयारच होता: कपाशीच्या फवारणीचे औषध बुचभर बादलीत टाकून कुत्र्याला आंघोळ घालायची. आमच्या भागात हे सर्रास केले जाते. २०१७ साली याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, त्या दिवसांची आठवण आमच्या घरात ताजी आहे. ज्याच्या वासाने माणूस आडवा होतो, ते अंग चाटणाऱ्या जनावराच्या कातडीवर ओतायचे नाही, एवढे मी ठामपणे सांगितले आणि त्यावर घरात दोन दिवस अबोला राहिला. शेवटी दवाखान्यातून मानेवर सोडायचे थेंब आणले, कोठ्यातली सगळी जुनी बारदाने जाळली, कुत्र्यांच्या जागेची वरची माती खरवडून काढली आणि तेथे नवे बारदान टाकून ते दर आठवड्याला उकळत्या पाण्यात काढायचे ठरवले. पिसवेची बहुतेक पिढी कुत्र्याच्या अंगावर नसून तो झोपतो तेथे असते, त्यामुळे माझ्या मते थेंबांइतकेच काम त्या जाळण्याने केले. त्यानंतर कण्या दिसल्या नाहीत.

त्याच भेटीत डॉक्टरांनी पोळ्याचा विषय काढला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, आमच्याकडे घरोघरी मटण असते. बकरा कापला जातो तेथे कुत्री जमतात आणि फुप्फुस, यकृताचे खराब तुकडे त्यांच्यापुढे टाकले जातात. त्या तुकड्यांत कधी पाण्याने भरलेल्या गाठी असतात. त्या गाठी कुत्र्याने खाल्ल्या, तर त्याच्या आतड्यात एक अगदी बारीक, काही मिलिमीटरचा पट्टकृमी वाढतो, जो कोणाला कधी दिसत नाही आणि कुत्र्यालाही विशेष त्रास देत नाही; पण त्याची अंडी हाताला, भाजीला, पाण्याला लागून माणसाच्या पोटात गेली, तर माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात तशाच गाठी वर्षानुवर्षे वाढत राहतात. याच कुळातला आणखी एक जंत मेंढीच्या मेंदूत गाठ करतो आणि मेंढी एकाच जागी गरगर फिरते. धनगराकडे गेलेल्या पाटीलची आठवण मला तेव्हा झाली. यंदा करीला मी बकरा कापणाऱ्याकडे जाऊन असे तुकडे खोल पुरायला सांगितले. त्याने मान हलवली. त्याने ते पुरले की नाही, ते मी पाहिलेले नाही. लाली आणि काळ्या यांना मात्र त्या दोन दिवसांत मी बांधून ठेवते.

२०२३ च्या नवरात्रात लाली पुन्हा व्याली. पाच पिल्ले झाली. या खेपेस लालीला दर तीन महिन्यांनी गोळी दिलेली होती, भाद्रपदाच्या आधी तिच्या विष्ठेच्या तपासणीत एकही अंडे आढळले नव्हते, म्हणून मी निर्धास्त होते. तरीही डॉक्टर मॅडमनी पंधराव्या दिवसापासून औषध सुरू करायला सांगितले, तेव्हा सासूबाईंनी विचारलेला प्रश्न मला अगदी रास्त वाटला होता. त्या म्हणाल्या, “माय धडधाकट हाये, तिले जंत नाही, मंग पिल्लाइले कुठून येतीन?”

या प्रश्नाच्या उत्तरात सगळा रोग आहे. कुत्री कधीतरी मातीतून गोलकृमीची अंडी गिळते. मोठ्या कुत्रीच्या शरीरात त्यांतील बऱ्याच अळ्या आतड्यात न येता स्नायूंत आणि इतर अवयवांत जाऊन निद्रिस्त पडून राहतात. विष्ठेत त्यांचा पत्ता लागत नाही आणि नेहमीची गोळी तेथवर पोहोचत नाही. ती गाभण राहिली की गर्भारपणाच्या शेवटच्या तिसऱ्या भागात त्या जाग्या होतात, वारेतून पिल्लांच्या यकृतात जातात, आणि पिल्लू जन्माला येते तेच जंताची अळी घेऊन. आणखी काही अळ्या दुधातून जातात. अंकुशकृमीची तर पिल्लांकडे येण्याची मुख्य वाट दूधच आहे. म्हणून पिल्लांच्या विष्ठेत अंडी दिसायला तीन आठवडे लागत असले, तरी त्यांची वाट न पाहता दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी पहिली मात्रा द्यायची, मग चौथा, सहावा आणि आठवा आठवडा, पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा, आणि प्रत्येक खेपेला आईलाही, कारण ती पिल्लांची विष्ठा चाटते आणि नव्याने जंत मिळवते. गाभणपणाच्या चाळिसाव्या दिवसापासून व्याल्यानंतर चौदाव्या दिवसापर्यंत आईला रोज फेनबेंडाझोल देऊन हा वारसा पुष्कळ कमी करता येतो, असेही त्यांनी सांगितले. पण लाली नेमकी कधी लागली, हे आम्हाला ठाऊक नव्हते, आणि रस्त्यावर फिरणाऱ्या कुत्रीचा चाळिसावा दिवस कोण मोजणार?

मी एक वही केली. डावीकडे पाच पिल्लांची नावे, रंगांवरून ठेवलेली, वर तारखा, आणि चौकटीत वजन. अंगणवाडीचा टांगता काटा वापरण्याचा मोह झाला होता, पण लेकरांचा काटा तो लेकरांचाच. किराणा दुकानातल्या काट्यावर घरची पिशवी ठेवून वजने केली. पंधराव्या दिवशी सर्वांत लहान पिल्लू ५८० ग्रॅम भरले, त्याला जेमतेम अर्धा मिलिलिटरपेक्षा किंचित अधिक औषध द्यायचे होते. चौथ्या आठवड्यात पाचपैकी चौघांचे वजन दुपटीवर गेले. एक मागे राहिले होते. त्याच्या हिरड्या फिकट दिसल्या म्हणून त्याच दिवशी दवाखान्यात नेले आणि लोहाचे थेंब सुरू केले. विष्ठेत जंत याही खेपेला पडले, पण पातळ आणि लहान, दोन-चार. पोटे मडक्यासारखी झालीच नाहीत. सासूबाईंनी आठव्या आठवड्यात एकाला उचलून पाहिले आणि हे जरा वाळलेले दिसते, अशी तक्रार केली. निरोगी पिल्लाचे पोट असेच दिसते, याची आम्हा कोणालाच सवय नव्हती.

आणखी एक काम औषधापेक्षा कंटाळवाणे आहे आणि ते मी सोडलेले नाही. गोलकृमीची मादी दिवसाला लाखभर अंडी टाकू शकते, आणि ती अंडी मातीत वर्षानुवर्षे टिकतात. फिनाइलने मरत नाहीत. मात्र ताज्या विष्ठेतले अंडे लगेच बाधत नाही, त्यात अळी तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात. म्हणजे रोजची विष्ठा रोज उचलली, तर मातीत संसर्ग साठत नाही. अंगणातली विष्ठा मी सकाळी फावड्याने उचलते आणि उकिरड्यावर न टाकता खड्ड्यात पुरते, कारण उकिरड्याचे खत शेवटी वावरात जाते आणि वावरात बायका अनवाणी निंदतात. अंकुशकृमीची अळी ओल्या मातीतून पायाच्या कातडीत शिरते. माणसात ती सहसा पूर्ण वाढत नाही, पण कातडीखाली वाट काढत जाते. पावसाळ्यात अंगणवाडीतल्या लेकरांच्या पायांवर खाजणारी, वाकडीतिकडी, रोज थोडी पुढे सरकणारी लाल रेघ मी अनेकदा पाहिली होती आणि त्यावर खोबरेल तेल लावायला सांगितले होते. आता अशा लेकराला मी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवते. गोलकृमीची अंडी माती खाणाऱ्या लहान मुलांच्या पोटात गेली, तर त्या अळ्या यकृतात आणि क्वचित डोळ्यातही जातात. म्हणून जंतनाशक दिनाच्या आधी पालकांच्या बैठकीत नखे आणि हात यांच्याबरोबर मी कुत्र्याचेही बोलते. पहिल्या वर्षी बायका हसल्या. दुसऱ्या वर्षी दोघींनी पिल्लांसाठी औषधाचे नाव लिहून मागितले. मी नाव दिले नाही, दवाखान्याचा पत्ता दिला आणि पिल्लाचे वजन करून न्यायला सांगितले.

त्या पाचही पिल्लांना घरे मिळाली. प्रत्येकाबरोबर मी वहीचे एक पान दिले, त्यावर पुढच्या मात्रांच्या तारखा होत्या. त्यांतले तीन जण पुढच्या मात्रेला आले, एकाने फोनवर विचारले, एकाचा पत्ता नाही. लालीचे गर्भाशय काढण्याचे ऑपरेशन जानेवारी २०२४ मध्ये करून घेतले, त्यामुळे तिच्या स्नायूंत निजलेल्या अळ्यांना आता जागे होण्याचे कारण उरलेले नाही. वहीत आता दोनच नावे आहेत. पुढच्या गोळीची तारीख लालीच्या नावापुढे लिहिलेली आहे, वजन १६ किलो, म्हणजे दीडऐवजी दोन गोळ्या, आणि समासात सासूबाईंच्या सांगण्यावरून माझ्याच हाताने लिहिलेले, “गूळ देऊ नये.”